रेघोबांनी गाळलेले स्वर

रेघोबांना फुशारकी मारायला दोनच विषय होते: स्वतःचे दात आणि स्वतःची लघुलिपी. पासष्टीत दात हलू लागले, लिपीचा तोरा मात्र कायम. बत्तीस वर्षं कोर्टात साक्षी उतरवून निवृत्त झालेला हा माणूस भेटेल त्याला ऐकवी, "आमची लिपी अक्षरं लिहीत नाही, आवाज लिहिते. घोडा खिंकाळू दे, उतरवतो आणि वाचून दाखवतो!"

घोडा कुणी आणला नाही. एका दुपारी सुनेनं मात्र परदेशी खलाशी पुढ्यात टाकला.

सून इस्पितळात नर्स. "मामंजी, असाल तसे या," एवढंच तिनं शेजाऱ्यांच्या फोनवर सांगितलं. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, मोबाईल तर दूरच. रेघोबा पोचले तेव्हा खलाशी तापानं फणफणला होता. अपेंडिक्स फुटलेलं. बेशुद्ध करायचा मुखवटा जवळ आला की तो हात झटके आणि जीव तोडून एकच काहीतरी सांगे. त्याची भाषा शिकवणाऱ्या बाई दोनशे मैलांवर. फोन जोडून मिळायला अर्धा तास.

"तो काय म्हणतोय ते कळल्याशिवाय मी त्याला बेशुद्ध करायचा नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि तासाभरात पोट उघडलं नाही, तर तो आपल्या हाती लागायचा नाही."

रेघोबांनी एक रेघांचा कागद ओढला. खलाशी तीनदा बोलला, पेन्सिल तीनदा धावली. चौथ्यांदा त्याची मान कलली, शुद्ध हरपली.

फोन लागला. रेघोबांनी ऐटीत घसा साफ केला, कागद उचलला आणि पहिल्याच शब्दाला अडले.

कोर्टात वेग हवा, म्हणून ते फक्त व्यंजनं लिहीत. 'कागद'ला क, ग, द. स्वर वाचताना आपसूक भरले जात, कारण शब्द ओळखीचे. आजही सवयीनं तेच झालं होतं. समोर नुसती हाडं. मांसाचा पत्ता नाही. त्यांनी तसंच रेटून वाचलं.

"काका, ही कुठली भाषा?" पलीकडून बाई म्हणाल्या.

"मामंजी, तुम्ही तर घोडा वाचणार होतात!" सुनेचा आवाज चिरकला.

डॉक्टर कागदावर वाकले. "ओळी वरखाली गेल्यात. हात थरथरला वाटतं."

"थरथरायला काय झालं?" रेघोबा उसळले आणि त्यांनी कागद डोळ्यांशी नेला. हात थरथरला नव्हताच. पहिला स्वर 'आ' असेल तर शब्द रेघेच्या वर, 'ए', 'ओ' असेल तर रेघेवर, 'ई', 'ऊ' असेल तर रेघ कापून. मास्तरांनी छडी मारून शिकवलेलं. डोकं फुशारकीत गुंग होतं, हातानं मात्र मुकाट हमाली केली होती.

"बाई, पुन्हा ऐका."

एका जागी फुली होती. त्या आवाजाला लिपीत खूणच नव्हती. ऐकला तसा त्यांनी तो घशातून खरवडून काढला.

"थांबा! 'बहीण' म्हणतोय तो. पुढे?"

पुढच्या शब्दाचा पहिला स्वर मिळाला, दुसरा अंदाजानं. 'आ' लावला, बाई म्हणाल्या, नाही. 'ई' लावला, तरी नाही. सून घड्याळाकडे बघत होती. 'ओ' लावला आणि पलीकडून बाई ओरडल्याच.

"बेशुद्ध केलं की त्याच्या घरातल्यांचं अंग तापानं पेटतं म्हणतोय, लाकडासारखं ताठ होतं. बहीण तशीच ऑपरेशनच्या टेबलावर दगावली."

"तो मुखवटा हलवा आधी!" डॉक्टर धावत सुटले. "कमरेतून बधिर करू!"

दीड तासानं सून घाम पुसत बाहेर आली. "वाचला."

सासरे बाकावर बसून त्याच कागदावर टिंबं देत होते.

"आता हे काय?"

"गाळलेले स्वर. रेकॉर्डला लागतील."

"इथं कसलं आलंय रेकॉर्ड? घरी चला, मामंजी."

"तू हो पुढं," रेघोबा म्हणाले. "तीन जागी अजून खात्री नाही. तो बोलायला लागला की विचारून घेतो."