डाकारकाकांचा म्पार

डाकारकाकांना माणसं दिसतच नसत, त्यांना घोडे दिसत. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. सेनेगलमध्ये, डाकारच्या बंदरात नोकरी करून परत आले आणि ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत खाटेवर जे बसले ते उठलेच नाहीत. मला ते कधी आवडले नाहीत. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, तरी आवडत नाहीत.

घरात कुणीही आलं की आधी पाय बघायचे. शेजारच्या नव्या सुनेला तोंडावर म्हणाले, "खूर बरे आहेत." ती पुन्हा आमचा उंबरा चढली नाही.

त्यांचा सगळा जीव म्पारवर. तिकडची गाडीला जुंपायची ही जात. आता तिथेही फारशी उरलेली नाही म्हणे. ठेंगणा घोडा, अरुंद छाती, लांब पाठ, मागे उतरता पुठ्ठा. रूपाच्या नावाने बोंब. "पण भुईमुगाच्या पाल्यावर दिवसभर वाळूतून गाडी ओढतो," काका मांडीवर थाप मारून सांगत. "अरबी घोडा तिथे आडवा होईल. हा हूं की चूं करत नाही. संध्याकाळी साज उतरवला की आधी वाळूत लोळतो, मग पाणी पितो." हे सांगता सांगता रिकामा कप आईकडे सरकवायचे.

आई माटुंग्याच्या कॉलेजातली नोकरी करून दमून यायची आणि चप्पल काढायच्या आत त्यांचा चहा टाकायची. मी चिडले की म्हणायची, "राहू दे गं, म्हातारं माणूस." तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते!

आईच्या साठीला मावशीने तिला दिव्यांनी ओवाळलं. घरातले थोरले म्हणून काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आईने पदर सारखा केला. इतकी वर्षं रांधून वाढलं, आज तरी हा माणूस काही चांगलं बोलेल, अशी तिला आशा होती. मला ती तिच्या चेहऱ्यावर दिसली.

काका चक्क उठून उभे राहिले. "ही आमच्या घरातली म्पार. दिसायला यथातथाच, पुठ्ठा उतरता, पण अर्ध्या वैरणीवर ओढते!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे हात शिवशिवले.

आईने शांतपणे विचारलं, "भावोजी, त्या घोड्याचा साज कोण उतरवतं?"

"मालक. दुसरं कोण?"

"आणि मालक विसरला तर?"

"मग काय, उभाच राहतो बिचारा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला आईने चप्पल घातली. काका कप घेऊन बघत राहिले. मी तिच्या मागोमाग चौपाटीवर गेले. ती वाळूत बसली आणि मग चांगल्या साडीनिशी सरळ आडवी झाली.

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत."

त्यानंतर काका शेवटपर्यंत स्वतःचा चहा स्वतः करून प्यायले. वाईट करायचे. आई अजून रोज जाते. घरी आली की दारात पदराची वाळू झटकते आणि मग माठातलं पाणी घटाघटा पिते. आधी वाळू, मग पाणी. एवढं एक काकांनी बरोबर सांगितलं होतं, आणि तेवढ्यासाठीही मी त्यांना माफ केलेलं नाही.