मुदतीआधी फेडायला निघालेल्या बाई

चादर हाती आली की बाई आधी ती नाकाशी धरायच्या, मग डागाकडे बघायच्या आणि त्या चादरीवर झोपलेल्या माणसाचा निकाल लावायच्या. "हा साहेब बिछान्यात बसून अंडाकरी खाते, भाऊ. घरी बायको खाऊ देत नसन." समोरच्या माझ्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी मला हसू आवरायचं नाही.

गडचांदूरला सिमेंट कारखान्यांची धूळ कपड्यांवर कशी बसते, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. नवरा गेल्यावर बाईंनी बादल्यांवर कपडे धुण्याचा धंदा सुरू केला. पुढे एका गेस्टहाउसच्या चादरी मिळाल्या, तेव्हा फायनान्स कंपनीकडून दहा वर्षांचं कर्ज काढून दोन मोठी मशिनं आणली. व्याजाचा दर शेवटपर्यंत एकच. "वाढणार नाई म्हणते!" त्या खुशीत सांगत होत्या. मशिनं बसली त्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, वंदना झाली, गल्लीभर पेढे वाटले. त्यानंतर एकही हप्ता चुकवला नाही.

काही वर्षांनी त्या माझ्या दुकानाच्या पायरीवर थांबू लागल्या. कुणाची वाट पाहत असल्यासारखं रस्त्याकडे बघायच्या, दम परत आला की वर यायच्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करा, ओल्या चादरी उचलणं बंद.

बाईंनी धंदा विकायचं ठरवलं. राजुऱ्याचा एक लॉजवाला घ्यायला तयार झाला. त्याच्या पैशांतून कर्ज फिटणार होतं आणि उरलेल्यात ऑपरेशन होणार होतं. अट एकच, बाईंच्या हाताखाली काम करणाऱ्या मायाला त्याने ठेवून घ्यायचं. कर्ज बंद करायला मी बाईंसोबत चंद्रपूरच्या ऑफिसात गेलो.

अधिकारी तरुण आणि नम्र होता. त्याने पाणी मागवलं, मग कॉम्प्युटरवर हिशोब दाखवला. उरलेल्या कर्जाच्या खाली आणखी एक मोठी रक्कम होती.

"हे कायचे?" बाईंनी विचारलं.

"मुदतीआधी कर्ज बंद करायचा चार्ज, मॅडम. दर फिक्स होता ना. तुम्ही आत्ता फेडलं तर आमचं पुढचं व्याज जातं."

"पण पैसे तुमच्या हाती येऊन राह्यले ना? ते दुसऱ्याले द्यान, त्याच्याकडून व्याज घ्यान."

"ॲग्रीमेंटमध्ये आहे, मॅडम."

मी ते वाचलं. मुदतीआधी फेडल्यास कंपनीचं नुकसान भरून द्यावं, असं एक इंग्रजी वाक्य होतं. नुकसान किती, ते कसं मोजायचं, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. सही घेताना कुणी तोंडी सांगितलंही नव्हतं.

बाई म्हणाल्या, "बुडवलं त दंड लावा. फेडाले आली त काऊन?"

"माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला. खरंच नसावं.

ऑपरेशनसाठी उरणारे जवळजवळ सगळे पैसे त्या चार्जमध्ये जात होते. परतताना एसटीत मी म्हटलं, "तरी विकून टाका, बाई. ओझं तरी सुटेल."

"विकलं त ऑपरेशनले पैसा नाई अन् पोटालेबी नाई. चालवलं त पोटाले तरी आहे."

मी कंपनीच्या वरच्या ऑफिसला तक्रार पाठवली. सगळं करारानुसार आहे, असं उत्तर आलं. लॉजवाला पावसाळाभर थांबला आणि त्याने दुसरीकडून मशिनं घेतली.

बाई चादरी धूत राहिल्या. माया त्यांना उचलू द्यायची नाही, पण मायाची पाठ वळली की त्या उचलायच्याच.

उन्हाळ्यात एका दुपारी माया धावत आली. "भाऊ, बाई खाली बसल्या, उठूनच नाई राह्यल्या!"

त्या मशीनला पाठ टेकून बसल्या होत्या. मनगटाला नाडी लागली नाही. पाठीमागे मशीन फिरतच होतं. ते बंद कसं करतात हे मला ठाऊक नव्हतं. मायाने केलं.

हप्ते थांबले. पुढे कंपनीची माणसं क्रेन घेऊन आली. मशीन तिरपं करताच आत साचलेलं साबणाचं पाणी रस्त्यावर ओघळलं. माया बाजूला उभी होती. तिने सवयीने लुगडं जरा वर धरलं आणि पाण्याला वाट दिली.