पातळ हवेचा पेपर

कॅनडात, कॅल्गरीतल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये नवऱ्याचा एक मित्र होता. पुण्याचा, ऑइल कंपनीत इंजिनिअर. छोटं विमान चालवायचं परमिट काढायचं माझ्या मनात आहे, हे ऐकून प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणात, सगळ्यांसमोर तो म्हणाला, "वहिनी, आधी पॅरलल पार्किंग जमू दे!" सगळे हसले. माझा नवराही हसला, ते मी वेगळं लक्षात ठेवलं.

ग्राउंड स्कूलच्या, म्हणजे उडण्याआधीच्या थिअरी वर्गाच्या, पहिल्याच तासाला माझ्या शेजारी तोच येऊन बसला. बाईला जमणार असेल तर आपल्याला यायलाच हवं, एवढाच त्याचा उत्साह.

शिकवणारी मुलगी तळमळीनं सांगायची : उन्हाळ्यात हवा पातळ होते, त्यात आपलं शहर उंचावर, म्हणून विमानाला धावपट्टी जास्त लागते. मी घरी बेसमेंटमध्ये बसून ते आकृत्या काढून समजून घ्यायचे. हा फोनवर जुने प्रश्न घोकायचा.

"समजून काय करायचंय वहिनी? 'उष्ण' दिसलं की उत्तर सी. आपण इंजिनिअरिंग असंच काढलं."

यानं आखलेल्या पाइपलाइनी आठवून मला घाम फुटला.

परीक्षा दोघांची एकाच दिवशी. स्क्रीनवरचे पर्याय उलटसुलट झालेले. मी कच्च्या कागदावर वाऱ्याची दिशा काढून बघत होते, तेव्हा तो अंगठा उंचावत बाहेर पडला. पास होऊन मी पार्किंगमध्ये आले, तर हा गाडीत तोंड पाडून बसलेला.

"ऑप्शन्स शफल करतात का कुणी? सिस्टिमच बोगस!"

पुन्हा तो परीक्षेला गेला नाही. पुढच्या पॉटलकला मात्र विमान कसं उडतं हे तोच समजावत होता, आणि चांगली शिकलेली माणसं माना डोलावत होती.

त्याच्या बायकोनं किचनमध्ये मला हळूच विचारलं, "पेपर फार अवघड होता का गं?"

"नाही. फक्त वाचावा लागतो."

ती इतकी हसली की हातातली प्लेट खाली ठेवावी लागली.

पुढे उड्डाणाची परीक्षाही झाली, परमिट आलं. लगेच त्याचा फोन. "मग, कधी नेताय आम्हाला?"

"या परमिटवर एकच प्रवासी चालतो, भावोजी," मी म्हटलं आणि त्याच्या बायकोला घेऊन गेले.

खाली मोहरीसारख्या कनोलाची पिवळी शेतं पसरली होती. ती काचेला कपाळ टेकवून बघत राहिली. मग म्हणाली, "अजून एक चक्कर मारू या. होऊ दे त्यांना जेवायला उशीर."