अंडं घातलेल्या शेवया

भालकीच्या कचेरीतले एक कारकून महिन्यातून एकदा सिकंदराबादला येत आणि चिनी हॉटेलात माझ्यासमोर बसून अंडं घातलेल्या शेवया खात. आधी घरच्यासारखे वाडग्याभोवती पाणी फिरवत. मालक मुकाट्याने टेबल पुसून घेई. घरी अंडं वर्ज्य; गावात कळले तर मुलीचे ठरलेले लग्न मोडेल, असे तेच सांगत.

एकदा दारात होणारे व्याही दिसले.

"इथं काय करायलाव?" व्याह्यांनी विचारले.

"जेवायलोय. तुमी कामून आलाव, अप्पा?"

कारकुनांनी खुर्ची ओढली, दुसरा वाडगा मागवला आणि व्याह्यांनी पहिला घास घेईपर्यंत स्वतः हात लावला नाही.

लग्न ठरल्या दिवशी झाले. पंगतीत शेवयांची खीर होती. कारकून आग्रह करत व्याह्यांपुढे वाकले. "घ्या की अप्पा, तुमाला शेवया आवडतात."

व्याह्यांनी वाटी पुढे केली.