पाय कुणीकडे करायचे

बुआलाय मावशीने आमच्या बाजारात तीस वर्षं डुकराच्या मांसाच्या काड्या भाजल्या. माझी थंड कॉफीची गाडी तिच्या शेजारीच, त्यामुळे तिचा अर्धा धूर मीही गिळला आहे. पण फुप्फुसं बिघडली ती तिची. बाई बोलायला भलतीच तिखट. गिऱ्हाइकाने काडी दोनदा उलटून पाहिली की म्हणायची, "लग्न जमवायचंय का तिच्याशी?"

दुखणं आलं आणि हीच बाई मऊ पडली. चार पावलं चालली की दम लागायचा, मग दम लागेल या भीतीनेच दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, अर्धा आजार छातीत आहे, अर्धा मनात. नेमका तेव्हाच तिचा मुलगा तुई कारखान्यातून रजा काढून भिक्खू व्हायला येणार होता. आमच्याकडची रीतच अशी, लग्नाआधी पोराने काही दिवस तरी चीवर, म्हणजे भिक्खूचं भगवं वस्त्र, घालायचं, आणि ते चीवर आईने हातात घेऊन मिरवणुकीबरोबर विहाराला तीन फेऱ्या घालायच्या. त्या पुण्यावर आई स्वर्गात जाते म्हणतात. मावशीला स्वर्गाची खात्री नव्हती. पण आपल्याला जमलं नाही तर चीवर बँकॉकच्या नणंदेच्या हातात जाणार, याची पक्की होती.

"माझ्या पोराचं नाकसुद्धा पुसलं नाही कधी तिने," मावशी धापा टाकत म्हणाली, "आणि आता चीवर मिरवणार?"

आमच्या रुग्णालयाने फुप्फुसाच्या रुग्णांसाठी फोनवरून ध्यानाचा वर्ग सुरू केला होता. तुईने तिकडूनच आईचं नाव घातलं. मुक नावाची नर्स पडद्यावर यायची, वयाने मावशीच्या लेकीएवढी. फोन लावून द्यायला मी जायची. मावशी अंघोळ करून, पांढरा ब्लाउज घालून, फोनपुढे मोगऱ्याची माळ ठेवून तयार असायची.

"अगं, नर्स आहे ती," मी म्हणायची.

"शिकवते ना? मग गुरूच."

पण दर वर्गानंतर तिला जास्तच धाप लागायला लागली. शेवटी एक दिवस म्हणाली, "ध्यान मला मानवत नाही. नणंदेला कळव, तूच घे म्हणावं चीवर."

मला असा राग आला! फोन लावून मी निघून जायची, ती त्या दिवशी आतच ठाण मांडून बसले. मुक म्हणाली, "आता सगळ्यांनी आडवं व्हा. फोन पायाशी ठेवा, म्हणजे तुमचं पोट वरखाली होताना मला दिसेल." मावशी मात्र विहारात बसतात तशी, दोन्ही पाय एका बाजूला दुमडून, पोट आवळून, हात जोडून बसली. हळूहळू ओठ निळसर पडायला लागले.

"मावशी, झोप की!"

"आणि पाय कुणाच्या तोंडासमोर करू? गुरूच्या?"

मी कपाळावर हात मारला. फोन उचलून मुकला सगळं सांगितलं. तेवढ्यात पडद्यावरच्या एका चौकोनातून वर्गातला एक म्हातारा खाकरला, "मी पायावर चादर टाकून ठेवतो." दुसरी म्हणाली, "मी फोनकडे डोकं करून झोपते." म्हणजे मुक इतके दिवस तिचे पिकलेले केसच बघत होती.

मुक लाजली. "परदेशी पुस्तकात असंच होतं. मला वाटलं, फोनच तर आहे." मग तिने आपला फोन जमिनीवर टेकवला, तिथेच आडवी झाली आणि दोन्ही तळवे आमच्यासमोर धरले. एका मोज्याला भोक होतं. "घ्या. आधी माझे पाय तुमच्या तोंडासमोर. आता फिटंफाट."

मावशी हसली, खोकली, पुन्हा हसली. "माफ कर गं पोरी," म्हणत हात जोडले आणि उशा रचून पाय पसरले. त्या दिवशी धाप लागली नाही.

पुढे ती शिकत गेली. श्वासाशी भांडायचं नाही, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. भीती आली तर हाकलायची नाही. "मी तिला सांगते," मावशी म्हणायची, "आलीस? बस तिकडे. काड्या झाल्या की बघते तुझ्याकडे." तिखटपणा परत आला, तसा माझा जीव भांड्यात पडला.

मिरवणुकीच्या दिवशी ढोल वाजत होते, आम्ही बायका नाचत होतो, तुई मित्रांच्या खांद्यावर होता आणि मावशी चीवर घेऊन पुढे. दुसऱ्या फेरीत ती थांबली. खांदे वर उचलले गेले, तोंड उघडं पडलं. नणंद लगबगीने पुढे आली. "वहिनी, द्या इकडे."

मावशीने चीवर छातीशी घट्ट धरलं. डोळे अर्धे मिटले, ओठांचा चंबू केला. सगळी मिरवणूक खोळंबली. तुईखालचा एक मित्र कण्हला, "मावशी, तुमचं पोरगं काही हलकं नाही हो." देवाशपथ, तेवढा वेळ मीही श्वास घेतला नसेल.

मग तिने डोळे उघडले. "वन्सं, तुम्ही फुलं सांभाळा," म्हणाली आणि चालू लागली. तिसरी फेरी तिने मुंगीच्या पावलांनी घातली, पण घातली. दारात चीवर स्वतःच्या हातांनी तुईला दिलं.

तासाभराने तुई मुंडण केलेल्या डोक्याने, चीवर घालून बाहेर आला. भिक्खूला बाईने शिवायचं नसतं, म्हणून आता आईलाही त्याला शिवता येत नव्हतं. तिने हात जोडून लेकाला नमस्कार केला. त्याने हळूच विचारलं,

"फार दमलीस का गं, आई?"

"दमले, भन्ते," मावशी म्हणाली. "घाबरले मात्र नाही."