वाकून यायचं दार

सुलाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी होसकोट्याला एका कारखान्याच्या फाटकासमोर पत्रकं वाटत होते. चुलतबहीण मेघा एवढंच म्हणाली, "आई सकाळी उठलीच नाही गं." बसनं बेळ्ळंदूरला काकूच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत घरच्या ग्रुपवर संदेश येऊन पडला होता. माझ्या थोरल्या आत्यानं, म्हणजे आक्कानं, कुणाकडून तरी लिहून घेतलेला... 'परक्या देशातून आली, पण आमच्या घराचा उंबरा तिनं कधी ताठ मानेनं ओलांडला नाही. अशी नम्र सून पुन्हा मिळणार नाही.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी ते बसमध्ये उभ्यानं वाचलं आणि रडू फुटायच्या आधी राग आला. महिना होत आला, तो राग उतरलेला नाही.

काकू दारातून जाताना वाकायची, हे खरं आहे. कुठल्याही दारातून. येलहंक्याच्या आमच्या घरातून, बँकेतून, मंगल कार्यालयाच्या हत्ती जाईल एवढ्या कमानीतूनसुद्धा. ती जावाची, इंडोनेशियाची. त्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, सेमारांग शहराच्या पुढं, खाडीकाठचं लहानसं गाव. मोहनकाका तिकडच्या एका सूतगिरणीत कामाला होता, तिथंच त्यांचं जमलं. ती इथं आली तेव्हा मी जेमतेम शाळेत जाऊ लागले होते. लग्नात तांदळात 'सुलभा' लिहिलं गेलं आणि सुलस्त्री हे तिचं नाव त्याच तांदळात पुसलं गेलं. गृहप्रवेशाला ती दारात वाकली आणि आक्का हरखलीच. तेव्हापासून आमच्या नात्यातल्या प्रत्येक सुनेला, आणि मला तर रोजच, तो धडा ऐकावा लागला. "शीक काही तिच्याकडून. तू बघ, घरात शिरतेस की मोर्चा घेऊन येतेस!" काकू हसायची. तिला तेव्हा मराठी येत नव्हतं, आणि यायला लागलं तोवर तिच्या वाकण्याचा अर्थ आमच्या घरात पक्का ठरून गेला होता.

मी कॉलेजात असताना एकदा चिडून तिला विचारलं, एवढी कशाला वाकतेस सगळ्यांपुढं? ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून तिनं आपल्या छातीशी आडवा हात धरला. "आमचं दार इथं होतं," म्हणाली. "माणसांपुढं कोण वाकतंय? डोकं आपटतं." मग तिनं सांगितलं. त्यांच्या गावात भरतीचं पाणी घरात यायला लागलं, तेव्हा लोकांनी जमिनीवर माती-विटांची भर घातली. पाणी पुन्हा आलं, पुन्हा भर. जमीन वर वर येत गेली आणि छत होतं तिथंच राहिलं. "खिडकी आधी खांद्याशी होती, मग गुडघ्याशी आली. बाबा म्हणायचे, आपण वाढतोय, घर नाही वाढत." हे सांगताना ती हसत होती. सासरी कोणी हे कधी विचारलं नाही का, म्हटलं, तर म्हणाली, "स्वल्प, थोडं चांगलं बोलतात, बोलू दे की."

समुद्रानं गाव गिळलं असं म्हणायची पद्धत आहे. खोटी आहे. किनाऱ्यावरची झाडी कोळंबीच्या तळ्यांसाठी तोडली, शहराकडच्या कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी खोल बोअर मारून उपसलं, जमीन खचली, मग समुद्र आत आला. आमच्या शहरातल्या तळ्यांवर मी लिहिलेलं एक पत्रक काकूनं चष्मा लावून वाचलं होतं. "फार शब्द आहेत," ती म्हणाली. "पंप कुणाचा, ते कुठं लिहिलंय?" त्यानंतर माझं एकही पत्रक मी तो प्रश्न विचारल्याशिवाय छापलेलं नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्यांच्याकडं उपासाच्या महिन्याआधी लोक आपापल्या माणसांची थडगी साफ करतात. तिच्या गावात साफ करणं मागं पडलं आणि थडगी उंच करणं सुरू झालं. पाण्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक घर आपल्या माणसावर नवी माती घालतं. तिच्या बाबांवर तिचा भाऊ घालायचा, पण तिला एकदा आपल्या हातानं घालायची होती. त्यासाठी तिनं येलहंक्याच्या परसातली लाल माती चाळून रव्याच्या डब्यात भरून ठेवली होती. काका हसला. "विमानात माती नेऊ देतात होय?" मग मेघाची परीक्षा आली, आक्काचा गुडघा आला, घर विकणं आलं, आणि शेवटी काकाचं कायमचं उत्तर आलं, "तिथं आता आहे काय? नुसतं पाणी." भावानं फोनवर दाखवलं होतं... पाण्यातून वर आलेले, थडग्यांच्या खुणेचे चार बांबू. त्यातला आपला कुठला, ते काकूला मात्र अचूक ठाऊक होतं.

येलहंक्याचं घर विकून त्यांनी फ्लॅट घेतला तो बेळ्ळंदूरला, तळ्याच्या अंगावर. नवव्या मजल्यावर ती तो डबा घेऊन गेली. एका पावसाळ्यात खालचं पार्किंग भरलं, गाड्या तरंगल्या, आणि सोसायटीनं ठरवलं, फाटकाशी भर घालून उंची वाढवायची. काकूला हसू आवरेना. "सरी सरी, बरं बरं! घाला. पुढच्या वेळी परत घाला."

ती गेल्यावर तिला पुरायचं की दहन करायचं, हा प्रश्नसुद्धा कुणाला पडला नाही. नाव बदललं तेव्हाच तो सुटला, असं सगळ्यांनी धरलं होतं. रक्षा श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडली. परत येताना गाडीत कुणीतरी म्हणालं, "आता वहिनी समुद्राला मिळतील." सांत्वन म्हणून म्हणालं!

तेराव्याला फ्लॅट भरला होता. आक्का सुनांना सांगत होती, तिचा तो गुण तेवढा घ्या गं. मला राहवलं नाही. "आक्का, तो गुण नव्हता. तिच्या घराचं छत खाली आलं होतं. डोकं आपटू नये म्हणून वाकायची ती."

आक्कानं हात झटकला. मग म्हणाली, "तुझं पत्रक इथं नको वाचूस. गेलेल्या माणसाबद्दल आम्ही चांगलंच बोलतोय ना?"

मी काकाकडं पाहिलं. तो खिडकीशी बसला होता. "खरं आहे ते," तो म्हणाला. "मी मागणी घालायला गेलो तेव्हा मलाही लागलं होतं डोक्याला."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सगळे तिचं कौतुक करत होते... मोडायचं कशाला?"

आक्कानं वाढायला घ्या म्हणून सांगितलं. मेघा पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात, नवव्या मजल्यावरच्या त्या उंच, नव्या दारात, मान खाली घालून वाकली. आक्कानं शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. "पाहिलंस? आईचं वळण."

निघताना मेघानं डबा माझ्या हातात दिला. कुणीतरी ती माती बाल्कनीतल्या कुंडीत ओतायला निघालं होतं, तिनं थांबवलं. आता तो माझ्या खोलीत खिडकीत असतो. काकूच्या बाबांचं थडगं पाण्याखाली आहे आणि काकूला थडगंच नाही. घरमालकीणबाई परवा भाडं न्यायला आल्या, झाकण उघडून म्हणाल्या, "चांगली माती आहे, तुळस लाव की."

मी झाकण परत लावलं. झाडासाठी नाही ही, म्हटलं, भर घालायची आहे. "कुठं?" त्यांनी विचारलं.