पिशवीवाले

आम्हाला पिशवीवाले का म्हणायचे, हे हल्ली आमचीच पोरं विचारतात. आमची वस्ती शहराबाहेर, घरापासून बसथांब्यापर्यंत नुसता चिखल. जुन्या चपला घालून निघायचं, थांब्यावर पाय धुऊन चांगल्या घालायच्या आणि चिखलाच्या पिशवीत कोंबायच्या. एवढंच! पण शहरवाल्यांच्या तोंडी त्याचा अर्थ व्हायचा गबाळे, घाणेरडे.

माझी मावशी शहरात एका शिंप्याच्या दुकानात काजं करायची. बावीस वर्षं. तिची पिशवी खुंटीला उघड टांगलेली. कुणी टोमणा मारलाच तर म्हणायची, "माझे पाय धुतलेत बाबा, तू तुझं तोंड धू."

तिनेच मला तिथे कापड बेतायच्या कामाला लावलं. आणि मी दीडशहाणी! शहरातच राहते म्हणून थाप मारली. पिशवी रोज थांब्यावरच्या चहावाल्याकडे ठेवायचे. आपलं नातं बोलू नकोस, असं मावशीलाही बजावलं. "बरं बाई," म्हणाली. तिला काय वाटलं असेल, हे मी विचारलंसुद्धा नाही.

एक दिवस चहावाला आलाच नाही. पिशवी दुकानात आणावी लागली. कुणाला दिसू नये म्हणून घाईघाईने टेबलाखाली सरकवली, ती नेमकी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या रेशमावर. दुपारपर्यंत कापडाचं वाटोळं झालं.

"कुठल्या पिशवीवाल्याचे हे उद्योग?" मालक कडाडले. सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मीही पाहिलं. वर मीच हसून म्हणाले, "आणखी कुणाचे असणार?"

जीभ झडली का नाही माझी तेव्हा!

मालकांनी पिशवी उपडी केली. त्यातल्या चपलेचा तुटलेला अंगठा मावशीनेच आदल्या आठवड्यात शिवून दिला होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझीच आहे," ती म्हणाली.

मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिची पिशवी खुंटीवरच होती, पण तिकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. मला दिसत होती. मी कात्री चालवत राहिले.

संध्याकाळी घरी पोचले, तर मावशी आईजवळ बसलेली. "डोळे साथ देत नाहीत गं, सोडलं काम," ती सांगत होती.

आई माझ्याकडे वळली. "आता तुझाच आधार गं तिला. तिच्यामुळे मिळाली तुला नोकरी, विसरू नकोस."

"ती कशी विसरेल?" मावशी म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली.